कमरेइतकी रेघ

सुनेला वळण नाही हे मिस्त्रीणबाईंना ती घरात आली त्याच आठवड्यात कळलं होतं. पण वळण नसलेली माणसं भर पुरात न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांसकट उतरवतात, हे मात्र आज कळलं. तेही आवाजावरून. त्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून खालच्या खोलीतलं पाणी बघत होत्या आणि वरून करकर, करकर, कुणी झोपेत दात खात असल्यासारखा आवाज येत होता.

"काय चाललंय गं वर?"

"दार काढतेय."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

आता या उत्तराला काय म्हणायचं? मिस्त्रीणबाईंच्या जिभेवर तीन जबाब एकदम आले आणि दारात गर्दी व्हावी तसे एकमेकांत अडकले. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी घरात शिरलंय म्हणून काय आता दारंही बाहेर काढायची?"

वर करकर चालूच.

सून फर्निचरच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर कपाटांना बिजागऱ्या बसवायच्या, हे तिचं काम. तिच्या खिशात रुमाल नसेल एक वेळ, पण पेचकस असायचाच. मिस्त्रीणबाई तिला पाठीमागे 'बिजागरीबाई' म्हणायच्या, आणि तोंडावरही.

खालच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. काल संध्याकाळी ते उंबऱ्याशी पाहुण्यासारखं उभं होतं, रात्रीतून आत आलं आणि सकाळी घरचंच असल्यासारखं सगळीकडे फिरू लागलं. त्यावर एक झाडू, कुणाची तरी एक चप्पल आणि बटाटे तरंगत होते. फ्रिज एका कुशीवर झुकला होता. वास गटाराचा आणि डिझेलचा.

आणि या सगळ्याच्या मधोमध, उंचावर, मिस्त्री झोपले होते.

त्यांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची, आणि बायकोही मिस्त्रीच म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी गवंडीकाम केलं, अर्ध्या गल्लीच्या भिंती त्यांच्या हातच्या. तीन वर्षांपूर्वी उजवं अंग गेलं, वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. त्या हाताच्या बोटांनी ते पलंगाच्या लाकडावर ठोकायचे. एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही. मिस्त्रीणबाई म्हणायच्या, "बोलता येत होतं तेव्हा तरी याहून जास्त कुठं बोलत होते?"

काल पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा मिस्त्रीणबाईंनीच डोकं लढवलं होतं. पलस्तर करताना फळ्या टेकवायला मिस्त्री वापरायचे त्या चार लोखंडी घोड्या मागच्या पडवीतून आणवल्या, त्यांवर जाड फळ्या टाकल्या, फळ्यांवर गादी, आणि गादीवर मिस्त्री. दोघी सासू-सुनांनी धापा टाकत त्यांना वर सरकवलं. मुलगा असता तर बरं झालं असतं, पण तो परवा कामावर गेला तो नदीच्या पलीकडेच अडकला आणि कालपासून फोनही मुका. फळ्यांची उंची मिस्त्रीणबाईंनी स्वतः मोजून घेतली होती, भिंतीवरच्या निळ्या रेघेच्या वर बरोबर चार बोटं.

ती रेघ म्हणजे मिस्त्रीणबाईंचं मानपत्र.

बत्तीस वर्षांपूर्वीचा पूर. गल्लीत म्हाताऱ्यांनीही तेवढं पाणी कधी पाहिलं नव्हतं. मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा, मिस्त्री कामावर लांब, आणि घरावर वरचा मजला अजून चढायचा होता. नुसता जिना बांधून ठेवलेला, तोही पुराच्या रेट्यानं हलत होता. तेव्हा मिस्त्रीणबाई याच खोलीत, याच भिंतीला पाठ लावून, पोराला डोक्यावर धरून दिवसभर उभ्या राहिल्या होत्या. पाणी कमरेला लागलं आणि थांबलं. "माझ्या कमरेपुढे जायची त्याची छाती झाली नाही," हे वाक्य त्यांनी आजवर किती जणांना ऐकवलं असेल त्याची मोजदाद नाही. पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेल्या गाळाच्या खुणेवर मिस्त्रींनी लाल रेघ ओढली. मग नळी घेऊन गल्लीभर फिरले आणि प्रत्येक घरावर तीच पातळी नेऊन ठेवली.

दोन वर्षांपूर्वी मुलानं खोलीची डागडुजी केली. नवं पलस्तर झालं, रंग झाला आणि जुनी रेघ गेली. मिस्त्रीणबाईंनी घर डोक्यावर घेतलं. रंगाऱ्याला बोलावलं, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "इथं ओढ."

"नक्की ना, मावशी?"

"पुरात तू होतास का मी होते?"

मग जरा विचार करून म्हणाल्या, "वयानं माणूस खचतं. तीन बोटं वर धर."

रंगाऱ्यानं लाल रेघ ओढली. पलंगावरून मिस्त्रींनी दोनदा ठोकलं. नाही. "लाल नको म्हणताहेत," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. रंगाऱ्यानं ती पुसून निळी ओढली. मिस्त्रींनी पुन्हा दोनदा ठोकलं. "आता काय सोन्याची ओढू?" असं म्हणून मिस्त्रीणबाईंनी रंगाऱ्याला चहा पाजून घालवून दिलं होतं.

आज सकाळपासून मिस्त्री तेच करत होते. ठक-ठक. थोडं थांबून पुन्हा ठक-ठक.

"काय नाही?" मिस्त्रीणबाईंनी पायरीवरून विचारलं. "पाणी हवं?"

ठक-ठक.

"कुशीवर वळवू?"

ठक-ठक.

"भीती वाटतेय? अहो, ती बघा रेघ. अजून दोन विती खाली आहे पाणी. तिच्यापुढे ते जात नाही. मला विचारा."

ठक-ठक.

"म्हातारे झालात, पण हट्ट तसाच," त्या म्हणाल्या. पण या वेळी आवाज जरा बारीक होता, कारण नऊ वाजताची गोष्ट त्यांच्या मनात काट्यासारखी राहिली होती.

नऊ वाजता बोट आली होती. दारातून आत डोकावून एक दाढीवाला माणूस ओरडला, "आजोबांना आधी घेतो. दोघं खांद्यावर उचलतो, पाच मिनिटांचं काम आहे."

"खांद्यावर?" मिस्त्रीणबाई म्हणाल्या होत्या. "कुणी कुणाला खांद्यावर घ्यायचं नाही. आमच्याकडे पाणी रेघेच्या वर जात नाही. पुढे गल्लीच्या टोकाला लहान पोरं आहेत, तिकडे जा."

सुनेचा चेहरा पांढरा पडला. "आई—"

"मी सांगितलं ना."

त्या गडबडीत मिस्त्रींनी काही ठोकलं का, किती वेळा ठोकलं, हे मिस्त्रीणबाईंना ऐकू आलं नव्हतं. खरं तर त्यांनी विचारलंच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी इस्पितळातून घरी आणताना दोन उंच माणसांनी मिस्त्रींना असंच खांद्यावर घेतलं होतं. दारात एकाचा पाय घसरला. मिस्त्री आपटले नाहीत, पण अंगावरचं सुटलं, आणि सगळ्या गल्लीनं, ज्या गल्लीच्या भिंती त्यांनी सरळ रेषेत उभ्या केल्या होत्या त्या गल्लीनं, त्यांना उघडं पाहिलं. तीन दिवस मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं होतं. चौथ्या दिवशी मिस्त्रीणबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "जिवंतपणी पुन्हा कुणाच्या खांद्यावर देणार नाही तुम्हाला. शब्द आहे." तेव्हा ते काय म्हणाले, हेही त्यांनी विचारलं नव्हतं.

वरून धाडकन आवाज आला. दार निघालं होतं.

सून दार आडवं धरून, मागं मागं येत जिन्यावरून उतरू लागली. जिना मध्ये वळत होता. वळणावर छोटा चौक होता आणि चौकाला गज लावलेली खिडकी. दार वळणावर अडकलं, तिनं जरा उभं केलं, तिरकं केलं आणि ते निघून आलं.

"खोलीचं दार रुंद आहे, वळत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "हेच वळतं. मोजलं होतं मी."

"मोजलं होतं! आणि माझ्या न्हाणीघराला आता काय लावायचं? तुझं तोंड?"

"पडदा."

"बघा हो मिस्त्री," मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "पडदा म्हणे. राजवाडा आहे ना आपला."

मिस्त्रींनी ठोकलं. या वेळी एकदा. हो.

दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या. सुनेला हसू आलं, ते तिनं दारामागं लपवलं. मिस्त्रीणबाईंना आलं नाही.

तेवढ्यात समोरून हाक आली. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या वरच्या खिडकीतून माणूस शिंकला तरी इकडे ऐकू येई. बेकरीवाला होता. जुना माणूस, बत्तीस वर्षांपूर्वीचा पूर त्यानंही पाहिला होता. त्याची भट्टी कालच बुडाली होती आणि तो पिठाच्या पोत्यांबरोबर वरच्या मजल्यावर राहत होता. मिस्त्रीणबाई गुडघे धरत जिना चढून वरच्या खिडकीशी गेल्या, सून मागोमाग.

"मिस्त्रीणबाई, अजून घरातच? बोटीनं नाही गेलात?"

"कशाला जायचं? आमच्या रेघेला अजून दोन विती अवकाश आहे."

बेकरीवाल्यानं खाली वाकून बघितलं. मग म्हणाला, "दोन विती कशा? माझी रेघ दहा वाजताच बुडाली. आता तर तिच्यावर वीतभर पाणी असेल."

"भिंत खचली असेल तुझी. भट्टीच्या उष्णतेनं भिंती खचतात."

"भिंत खचली तर मी वर कसा बसलोय? अहो, ती रेघ तुमच्या मिस्त्रींनीच ओढली. नळीत पाणी भरून, एक टोक तुमच्या भिंतीला, एक माझ्या. मीच धरलं होतं टोक. सगळ्या गल्लीला एकच पातळी. तेव्हाच म्हणाले होते, पातळी बघायला पाण्यासारखी पाणसळ नाही, ते दोन घरांत दोन उंची ठेवत नाही."

मिस्त्रीणबाईंनी खिडकीतून तोंड काढलं आणि बेकरीच्या भिंतीकडे बघितलं. शटरच्या बाजूला जिथं जन्मभर लाल रेघ दिसायची तिथं तांबूस पाणी गरगरत होतं.

"ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या आणि आत आल्या.

सून खिडकीशीच उभी राहिली होती. तिला या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं. डागडुजी तिनं पाहिली नव्हती, मूळ रेघ तर नाहीच. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, जिन्याला किती पायऱ्या आहेत?"

"हा काय प्रश्न आहे? पंधरा. तीस वर्षं पुसल्यात या हातांनी."

"मी आत्ता दार घेऊन उतरले. पाण्यातल्या पायानं चाचपून मोजल्या. तेरा आहेत."

"हो तेरा. डागडुजीत खोलीत भराव घातला ना, गटाराचं पाणी येऊ नये म्हणून. खालच्या दोन गेल्या भरावात. बरंच झालं, माझ्या गुडघ्यांना दोन पायऱ्यांची सु..."

वाक्य तिथंच थांबलं.

सून बोलली असती तर मिस्त्रीणबाईंना बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या वरच्या खोलीतल्या पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांना भिंतीला पाठ लावून उभी असलेली दोन वर्षांपूर्वीची स्वतःच दिसली. कमरेवर हात, हनुवटी वर. पायांखाली दोन पायऱ्यांचा भराव. आणि वर मोठेपणानं, 'तीन बोटं वर धर.'

"म्हणजे जुनं पाणी..." त्या म्हणाल्या.

"नव्या फरशीवरून जेमतेम गुडघ्याच्या वर. तेवढं आज सकाळीच झालं."

"आणि आता?"

"आता कुठवर जाईल ते कुणालाच माहीत नाही."

मिस्त्रीणबाई उठल्या. जिना उतरल्या, चौथी पायरी आता बुडाली होती, पाचवीवर थांबल्या नाहीत, तशाच पाण्यात शिरल्या. पाणी मांड्यांच्या वर आलं, थंड आणि तेलकट. भिंतीला धरत धरत त्या घोड्यांपाशी गेल्या. मिस्त्री डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते.

"मिस्त्री, एक विचारते. रंगारी आला होता त्या दिवशी. तुम्ही दोनदा ठोकलं होतं. लाल रंग नको म्हणून?"

ठक-ठक.

"निळा नको म्हणून?"

ठक-ठक.

"जागा चुकतेय म्हणून?"

मिस्त्रींचा हात थोडा वेळ उचललेलाच राहिला. मग एकदाच, हळूच, ठक.

मिस्त्रीणबाईंनी तोंड फिरवलं. आयुष्यभर त्या म्हणत आल्या होत्या की माझ्या नवऱ्याच्या मनातलं मला न सांगता कळतं. आणि त्यानं सांगितलं, दोन वर्षं सांगत राहिला, तर त्यांनी रंग बदलला होता.

"बिजागरीबाई!" त्या ओरडल्या. "आण ते दार!"

सुनेनं बाकी तयारी मनात केव्हाच करून ठेवली होती. पिण्याच्या पाण्याचे चार मोठे रिकामे प्लास्टिकचे कॅन तिनं झाकणं घट्ट लावून दाराच्या चारी कोपऱ्यांना बांधले. दार पाण्यावर ठेवलं, तसं ते शहाण्या जनावरासारखं स्थिर तरंगलं. मग तिनं जिन्याखालच्या पेटीतून मिस्त्रींचा दोर काढला, आणि दोराबरोबर कप्पी. चुन्या-सिमेंटची घमेली वर ओढायला मिस्त्री तीच वापरायचे. चौकातल्या खिडकीच्या गजाला तिनं ती कप्पी बांधली.

"गज धरतील का?" तिनं विचारलं.

मिस्त्रीणबाई फणकारल्या, "मिस्त्रींनी बसवलेत," आणि मग, कशी कोण जाणे, सवय मोडून त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "धरतील का हो?"

ठक.

आतापर्यंत पाणी निळ्या रेघेच्या खाली चार बोटांवर आलं होतं. म्हणजे फळ्यांच्या खाली आठ बोटं. दोघींनी दार फळ्यांना टेकवलं आणि चादरीसकट मिस्त्रींना त्यावर सरकवलं. दार एका बाजूनं बुडालं, मिस्त्रींचा कान पाण्यात गेला आणि मिस्त्रीणबाईंच्या घशातून जो आवाज निघाला तो त्यांनी स्वतःही कधी ऐकला नव्हता. सुनेनं खांदा लावून दार सरळ केलं. चादर फाडून पट्ट्यांनी त्यांना छातीशी, कमरेशी, मांड्यांशी बांधलं. डावा हात मोकळा ठेवला.

"हात कशाला मोकळा?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"त्यांच्याशिवाय कुणी सांगायचं, कधी ओढायचं ते?"

चार माणसं लागतील असं काम दोन बायकांनी कसं केलं, हे नंतर विचारलं तर दोघींनाही धड सांगता आलं नसतं. पाण्यातून जिन्यापर्यंत दार नुसतं वाहत आलं, तेवढं सोपं होतं. मग सून चौकात गेली, दोर कप्पीतून घेऊन भिंतीला पाय लावून बसली. मिस्त्रीणबाई खाली, कमरेच्या वर पाण्यात, दाराच्या खालच्या टोकाला खांदा देऊन.

ठक. सून ओढायची, मिस्त्रीणबाई रेटायच्या, दार एक पायरी चढायचं. ठक-ठक. थांबायचं, दोर गजाला एक वेढा. मिस्त्री छताकडे बघत, दाराच्या लाकडावर डाव्या हातानं काम करून घेत होते, जसं पूर्वी परांचीवर उभं राहून घ्यायचे. तीन वर्षांत त्यांचं कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

सहाव्या पायरीवर मिस्त्रीणबाईंचा गुडघा गेला. त्या खाली बसल्या त्या थेट पाण्यात, नाकातोंडात पाणी, आणि दार खाली सरकू लागलं. वरून सुनेची किंकाळी आली. दोर तिच्या मनगटाभोवती करकचला होता, पण तिनं तो सोडला नाही. एक पायरी घसरून दार थांबलं.

"आई! आई, बोला!"

मिस्त्रीणबाई खोकल्या, थुंकल्या, जिन्याच्या कडेला धरून उभ्या राहिल्या. "मेले नाही अजून," त्या म्हणाल्या. "मेले असते तर न्हाणीघराचं दार तुला माफ झालं असतं. ओढ!"

पण सून ओढत नव्हती. मिस्त्रीणबाईंच्या लक्षात आलं. ती ठोक्याची वाट बघत होती.

ठक.

चौकात दार उभं-तिरकं करून वळवायला पाऊण तास लागला. तिथून वरच्या पाच पायऱ्या. वरच्या खोलीत फरशीवर दार टेकलं, तेव्हा खिडकीतला उजेड मावळतीला लागला होता. सुनेच्या मनगटावर कातडी सोलून लाल बांगडी उठली होती. मिस्त्रीणबाई तिच्याकडे न बघता स्वच्छ फडकं शोधत राहिल्या, शोधून ते पाण्यानं ओलं केलं आणि तिच्या मांडीवर टाकलं. हातानं बांधलं नाही. पण सून एका हातानं बांधायला लागली आणि जमेना, तेव्हा "आण इकडे" म्हणून हिसकावून घेतलं आणि बांधलं.

खालून लोखंड घासल्याचा आवाज आला, मग एक जड धबका. घोड्या कलंडल्या होत्या. गादी आणि फळ्या पाण्यात गेल्या. तिघंही ऐकत राहिली. घोड्या किती वाजता कलंडल्या असत्या आणि तेव्हा त्यांच्यावर कोण असतं, हे बोलून दाखवायची गरज नव्हती.

सून पेचकस घेऊन जिन्यात गेली आणि पाणी जिथं होतं तिथं भिंतीवर ओरखडा काढून आली. अर्ध्या तासानं पुन्हा गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "सातवी पायरी बुडाली."

"वाढतंय?"

"वाढतंय. जरा हळू, असं वाटतं. खात्री नाही."

मुलगा कुठं असेल हे तिनं विचारलं नाही, मिस्त्रीणबाईंनीही विचारलं नाही. दोघी एकाच वेळी खिडकीतून नदीच्या बाजूला बघत होत्या, एवढंच.

समोरून बेकरीवाल्यानं ओरडून सांगितलं की अंधार पडायच्या आत बोटीची एक फेरी होणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी खिडकीबाहेर रंगीत काहीतरी लटकवा, नाहीतर पुढे निघून जातात.

मिस्त्रीणबाई मिस्त्रींपाशी खाली बसल्या. गुडघा सुजून भोपळा झाला होता.

"बोट येईल," त्या म्हणाल्या. "खिडकीतून उतरवायचं म्हणजे खांद्यावरच घेणार. दुसरा मार्ग नाही. मी शब्द दिला होता तुम्हाला." त्या थांबल्या. हे विचारणं सहाव्या पायरीहून अवघड होतं. "जायचं का?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं आणि ठोकलं. एकदा, लगेच. इतक्या लगेच की मिस्त्रीणबाईंना कळलं, सकाळी नऊ वाजताही हेच उत्तर होतं.

त्या गुडघा धरत उठल्या. मग कपाटातली आपली ठेवणीतली लाल चादर काढली, जी कुणाला वापरू द्यायच्या नाहीत, ती स्वतः खिडकीच्या कडीला बांधली. सगळी गल्ली बघत असेल तर बघू दे. गाठ बसेना. सून मदतीला आली, तर तिला हातानंच बाजूला केलं आणि तिसऱ्या खेपेला गाठ मारली.

मग त्या सुनेकडे वळल्या. सून ओल्या कपड्यांत भिंतीला टेकून उभी होती, हातात पेचकस, आणि काय ऐकायला लागणार म्हणून तयारीत.

"तुला वळण नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "न विचारता दार काढलंस. उलटून बोललीस. वर म्हणालीस, विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. म्हणालेच असते. म्हणून विचारलं नाहीस, ते बरं केलंस, आणि हे मी दुसऱ्यांदा बोलणार नाही. न्हाणीघराला पडदा लावायचा नाही, नवं दार तू बसवायचंस, तेही न कुरकुरणारं. आणि पाणी ओसरल्यावर या घरात रेघ तू ओढायचीस. माझ्या कमरेपाशी यायचं नाही. मिस्त्रींना विचारायचं. आणि त्यांनी दोनदा ठोकलं ना, तर बये, रंग बदलत बसू नकोस."